यादीत नसलेलं पात्र

नाटकातला कंस वाचायचा नसतो आणि बोलायचा तर मुळीच नसतो, असं गावच्या नाटक मंडळाच्या सदू मास्तरांनी राहीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बजावायला तसंच कारण घडलेलं. सहा वर्षांपूर्वी माघातल्या उत्सवात राजाचं काम करणाऱ्या काशीरामने भर दरबारात, छाती पुढे काढून, "प्रधानजी, हा अपमान आम्ही सहन करणार नाही, रागाने येरझारा घालतो" असं खणखणीत आवाजात म्हणून टाकलं, आणि जागचा पाऊलभरही हलला नाही. मांडवात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. काशीराम बिचारा आता दोन नातवंडांचा आजा झाला, पण अजून त्याला पाणंदीत गाठून कुणीतरी विचारतंच, "काय राजे, येरझारा झाल्या का?" तेव्हापासून मास्तरांनी कंसालाच हद्दपार केलं.

नाटकाची पुरी वही एकच असायची. तिच्यावरून प्रत्येक नटाची नक्कल उतरवायची, म्हणजे त्याची त्याची वाक्यं आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द. बस्स. लेखकाने कंसात काय लिहिलंय, कोण कुठून येतो, कुठे बसतो, हातात काय घेतो, याच्याशी गावाला काही देणंघेणं नव्हतं. नाटक राजाचं असो की रंकाचं, रंगमंचावर एक टेबल आणि दोन खुर्च्या. मास्तर बस म्हणाले की बसायचं, ऊठ म्हणाले की उठायचं. गावच्या नाटकात कंस कुणी वाचत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका माणसाला तर ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर तो गाफील राहिला.

नकला उतरवायचं काम राहीकडे आलं ते तिच्या अक्षरामुळे. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर सरळ आणि मोकळं. मग जुन्या प्रॉम्प्टर शिवा आजोबांना दातांनी दगा दिला, त्यांच्या तोंडून शब्दांपेक्षा वाराच जास्त यायला लागला, तेव्हा मास्तरांनी राहीलाच विंगेत गोणपाटामागे बसवलं. बाईमाणूस मंडळाच्या कामात, म्हणून थोडी कुजबुज झाली. पण तिच्या सासूने, गोदूबाईने, ती एका वाक्यात मिटवली. "पडद्यामागं तर बसते, कुनाला दिसते काय?"

हीच गोदूबाई चार वर्षांपूर्वी अशी नव्हती. तेव्हा तिची जीभ कोयत्याची होती. लग्नाला पाच वर्षं झाली तरी सुनेची कूस उजवत नाही म्हणून ती येताजाता टोचायची, पाहुण्यांसमोर उणंदुणं काढायची, शेजारणीच्या बारशाला राहीला नेताना "तू पाळन्याला हात लावू नको हां" म्हणायची. मग तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. मुलाने, आत्मारामने, तिला मुंबईला नेलं. महिनाभर राहून जाड भिंगांचा चष्मा लावून म्हातारी परत आली ती पार मवाळ होऊन. पुन्हा कधी मुलाबाळांचा विषय तिने काढला नाही. माशाची बरी तुकडी सुनेच्या ताटात पडायला लागली. देवाने सासूच्या डोळ्यांबरोबर मनावरचाही पडदा काढला, असं राही समजली, आणि दर संकष्टीला अनवाणी गणपतीपुळ्याला जायचं मात्र तिने सोडलं नाही. नवस तिचा एकटीचा होता.

आत्माराम मुंबईला गोदीत कारकून. मे महिन्यात पंधरा दिवस आणि गणपतीत आठ, एवढाच संसार. तिथे तो गावकऱ्यांच्या खोलीत राहायचा. वीस बाप्ये, वळकटीला वळकटी लागलेली, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच जागेवर आडवा. "त्यात बाईमाणसाला कुठं ठेवू?" हे त्याचं नऊ वर्षांचं उत्तर, आणि ते खरंच होतं, गावातल्या निम्म्या बायका हेच उत्तर ऐकून म्हाताऱ्या झाल्या होत्या. पण या दिवाळीच्या पत्रात त्याने लिहिलं, 'उत्सव झाला की तुला घेऊन जातो. खोलीचं बघतोय.' राहीने ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला. उत्सवाला पंधरा दिवस होते तेव्हाच तिने ट्रंक भरली: चार लुगडी, दोन नवी पातळं, कोकमं, कुळथाचं पीठ, आणि तळाला एक लहानसं झबलं, जे तिने कुणाला दाखवलं नव्हतं.

दिवाळीनंतर महिन्याभरात नाटकाची वहीही आली. यंदाचं नाटक आत्मारामने स्वतः लिहिलेलं. नाव 'खोली नंबर सतरा'. मुंबईतला वसंत, त्याची बायको कुसुम, खोली खाली करा म्हणणारा घरमालक, गावाहून येऊन ठाण मांडणारे मामा आणि एक भोचक शेजारी. नायकाचं काम आत्मारामच करणार, तालमी मुंबईत करून थेट उत्सवाच्या सकाळी येणार. राहीचा ऊर अभिमानाने भरून आला. नवऱ्याने लिहिलेलं आणि बायकोने उतरवलेलं नाटक गावात पूर्वी कधी झालं नव्हतं.

नकला उतरवताना दोन गोष्टी तिला खटकल्या. एक म्हणजे पात्रांच्या यादीत पाच नावांखाली सहावी ओळ होती, पण ती खोडलेली. साधी नव्हे, शाई गिरवून गिरवून इतकी खोडलेली की कागद विरला होता. उन्हात धरूनही अक्षर लागेना. दुसरी गोष्ट कंसातली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं:

(खोली. डावीकडे खाट. खिडकीखाली शिवणयंत्र, त्याच्या चाकावर ओला रुमाल वाळत घातलेला. दार जरा उचलून ढकलल्याशिवाय उघडत नाही. यंत्राशेजारी जमिनीवर पाच वर्षांची मुलगी पाठमोरी बसून पाटीवर लिहीत आहे. डाव्या हाताने.)

पुढे चौदाव्या पानावर वसंत म्हणतो, "कुसुम, आपल्यामागे ना मूल ना बाळ, दोघांना एवढी खोली कशाला?" आणि त्याच पानावर खाली: (कुसुम मुलीची पेन्सिल काढून उजव्या हातात देते. मुलगी पुन्हा डाव्यात घेते. दोघी हसतात.)

मूल नाही म्हणतात आणि पोर तर समोर बसलीये. राहीने मास्तरांना वही दाखवली. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तिला वाक्य आहे?"

"न्हाय."

"यादीत नाव आहे?"

"न्हाय."

"मग ती नाही. अगो, कंस म्हणजे लेखकाची हौस. सोड तू."

राहीने सोडून दिलं. कुणा मित्राचं घर ह्यांनी पाहिलं असेल, तेच डोक्यात राहिलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत घालायची तिला नऊ वर्षांची सवय होती.

उत्सवाच्या दिवशी सकाळी मुंबईची गाडी आली. आत्माराम उतरला, आंघोळ करून पालखीला गेला, जाताना राहीकडे बघून हसला आणि "नकला छान उतरवल्यास हां" म्हणाला. तेवढ्यावर ती दुपारपर्यंत तरंगत होती. अकराच्या एसटीने रत्नागिरीहून मैनाबाई आल्या, कुसुमच्या कामासाठी ठरवलेल्या. गावात बायकांची कामं पूर्वी बाप्येच करायचे. पण एकदा नायिकेची मिशी घाम पुसताना उघडी पडली, आणि तेव्हापासून बाहेरून नटी आणायची पद्धत पडली. नटी त्याच दिवशी येते, एक रंगीत तालीम करते, रात्री खेळ आणि सकाळी पहिल्या गाडीने परत. मैनाबाई चाळिशीच्या, अंगाने भरलेल्या, हंगामात पंचवीस गावं फिरणाऱ्या. जेवायला त्या राहीकडे उतरल्या.

पान वाढेपर्यंत त्यांनी पुरी वही मागून घेतली आणि बोट ठेवून भराभर पानं उलटायला लागल्या. राहीच्या लक्षात आलं की बोट फक्त कंसांवर थांबतंय.

"वाक्यं न्हाय वाचत?" तिने विचारलं.

"वाक्यं तू मागून देशीलच की. मी आधी कंस वाचते." मैनाबाईंनी भात कालवला. "हे बघ बाई, संवाद माणूस रचतो. त्यात हवं ते बोलतो, खोटंही बोलतो. कंस मात्र तो बघून लिहितो. ज्याने बघितलं नाही तो 'एक खोली' एवढं लिहून मोकळा होतो. शिवणयंत्राच्या चाकावर ओला रुमाल कोण रचेल? दार उचलून ढकलायचं, हे कोणाला सुचेल? हा माणूस ह्या खोलीत राहतो, मी पैजेवर सांगते."

राहीच्या हातातला वाढायचा डाव भांड्यावर वाजला.

मैनाबाई आपल्याच नादात होत्या. "आणि ही पोर बघ. यादीतून खोडली, तिची वाक्यं काढली असणार, बापाच्या तोंडी मूल नाही म्हणून घातलं. पण कंसात तशीच राहिली! अगं, वाक्य खोडता येतं. रोज डोळ्यांसमोर बसणारं माणूस खोडायचं ध्यानातच येत नाही." त्यांनी सोलकढीचा घोट घेतला. "कोणाचं गं नाटक?"

"आमच्या ह्यांचं," राही म्हणाली.

मैनाबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी एकदा राहीच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या घराकडे, जिथे पाटी नव्हती, पाळणा नव्हता, एवढंसं झबलं दोरीवर नव्हतं. "मी आपलं उगाच बडबडते हो," त्या म्हणाल्या. "आम्हा लोकांची जीभच तशी."

पण सुटलेला शब्द परत येतो थोडाच? राही चुलीपाशी जाऊन बसली. तिला रडू येत नव्हतं, आणि ते येत नाही याचीच भीती वाटत होती. डाव्या हाताने. आत्माराम डावखुरा होता. लहानपणी आईने फटके मारून जेवणापुरता तेवढा उजवा केला, बाकी सगळं डावं. आपण हे दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, आणि कुणा मित्राच्या माथी मारलं! काय म्हणावं अशा बाईला? डोळे असून आंधळी, आणखी काय.

तरीही ती मानायला तयार नव्हती. नऊ वर्षांच्या माणसाला एका नटीच्या तोंडच्या चार वाक्यांवर कसं सोडायचं? विचारावं तर तो हसून उडवील. आणि तो हसला तर आपण विश्वास ठेवू, हेही तिला ठाऊक होतं. मग तिला वाटलं, वहीत लिहिलंय तसं सगळं मांडावं. अगदी कंसाबरहुकूम. ती खोली खोटी असेल तर ह्यांना ती ओळखूच यायची नाही. येतील, वाक्यं म्हणतील, आणि आपण रात्री देवाला नारळ ठेवून उद्या ट्रंक उचलू. ओळखू आली तर मात्र तोंडावर दिसेल.

तीन वाजता तालीम होती. दोन तासांत राहीने कधी नव्हे ते मंडळाला कामाला लावलं. खाट देवळाच्या ओवरीतून आली. शिवणयंत्र शिंप्याकडून चौघांनी उचलून आणलं. खिडकीची चौकट उभी केली, दाराखाली लाकडाचा तुकडा ठोकून ते अडेल असं केलं. मास्तर कुरकुरले, "अगो, टेबल-खुर्च्या काय वायट आहेत?" पण मैनाबाई पुढे आल्या. "मला वहीप्रमाणे मांडामांड लागते, मास्तर. नाहीतर मला हात कुठे ठेवायचे ते सुचत नाही." ठरवून आणलेल्या नटीपुढे कुणाचं चालतंय? त्या राहीकडे बघत नव्हत्या, आणि राही त्यांच्याकडे बघत नव्हती.

शेवटी राही शेजारच्या हौसाची पाच वर्षांची जनी घेऊन आली. तिच्या दोन वेण्या घातल्या, तांबड्या रिबिनी बांधल्या, यंत्राशेजारी पाठमोरी बसवली, पाटी मांडीवर दिली आणि पेन्सिल डाव्या हातात.

"मी ह्या हातानं न्हाय लिवत," जनी म्हणाली.

"आजच्या दिवस लिही, बाय. रेघा वोड नुसत्या. मागं बघू नको हां."

यंत्राच्या चाकावर तिने ओला रुमाल टाकला आणि विंगेत गोणपाटामागे आपल्या जागेवर जाऊन बसली. वही मांडीवर उघडी.

मांडवात दुपारचं ऊन पडलं होतं. मंडळाची आठ-दहा माणसं आणि रिकामटेकडी पोरं बसली होती. मास्तरांनी टाळी वाजवली. आत्माराम पालखीहून सरळ आला होता, कपाळाला गुलाल तसाच. त्याने मांडामांड पाहिली नव्हती. तो पलीकडच्या विंगेतून येऊन दाराबाहेर उभा राहिला. मैनाबाई यंत्रावर बसून शिवायचा अभिनय करत होत्या.

आत्मारामने दार ढकललं. ते अडलं. आणि राहीने गोणपाटाच्या फटीतून पाहिलं, तो थांबला नाही, चाचपडला नाही, कुणाला हाक मारली नाही. त्याने खांदा लावून दार जरा वर उचललं, ढकललं, आणि आत आला. रोजचं दार उघडावं तसं.

मग त्याने समोर पाहिलं.

खाट, खिडकी, यंत्र. चाकावरचा रुमाल. यंत्राशेजारी दोन वेण्या आणि पाटीवर सरकणारा एक डावा हात. त्याचा चेहरा गुलालाखाली पांढराफटक पडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर टळटळीत दुपार होती. कप काढायला कपाट उघडावं आणि आत माणूस उभा दिसावा, तसा तो एक पाऊल मागे आला.

"वाक्य," मास्तर म्हणाले.

वाक्य नाही.

"मास्तर, आपन चौदाव्या पानापास्नं घेऊ या," राहीचा आवाज विंगेतून आला. तो इतका सरळ होता की तिचा तिलाच परका वाटला. "कुसुम, आपल्यामागे ना मूल ना बाळ..."

आत्मारामने ओठ हलवले.

"आपल्यामागे ना मूल ना बाळ," राहीने पुन्हा दिलं. प्रॉम्प्टरचं काम हेच. नट अडला की वाक्य द्यायचं, हळू, स्पष्ट, न कंटाळता. "ना मूल ना बाळ. म्हना की."

स्वतः लिहिलेलं, स्वतः पाठ केलेलं वाक्य, आणि बायको ते तिसऱ्यांदा तोंडात भरवत होती. पण त्या पाठमोऱ्या मुलीसमोर त्याला ते उच्चारता येईना. त्याने विंगेकडे मान वळवली. गोणपाटाच्या फटीत त्याला राहीचा एक डोळा दिसला असावा. राहीला त्याचे दोन्ही दिसले, आणि तिला कळलं. आता काही विचारायचं उरलं नव्हतं. ती खोली होती. मुंबईत कुठेतरी ती होती, नऊ वर्षं तिला नाकारलेली, दुसऱ्या कुणाच्या पायांखाली रोज झाडली जाणारी. एवढं झाल्यावर याहून वाईट आता काय होणार, असं तिला वाटलं. भोळी होती बिचारी.

त्याच वेळी गोदूबाई चहाची किटली घेऊन मांडवात आली. मंडळाचा चहा उत्सवात त्यांच्याच घरचा असायचा. चुलीच्या धुराने भिंगं धुरकटली म्हणून तिने चष्मा कमरेला खोचला होता. त्याच्याशिवाय तिला माणसं दिसायची ती आकारानेच. तिने रंगमंचाकडे पाहिलं. मुलगा उभा. त्याच्या पायांशी, शिवणयंत्राशेजारी, दोन वेण्यांची पोर. डाव्या हाताने लिहिणारी.

किटली तिच्या हातून सुटली.

"सावू!" म्हातारी किंचाळली. चहा तिच्या पायांवर सांडला, त्याचंही तिला भान नव्हतं. "आत्मारामा, मेल्या, हिला कशाला आनलंस हय? सून बगंल ना! तिला काय सांगू मी आता?"

जनीने मागे वळून पाहिलं, कारण एवढ्या मोठ्या आवाजात सगळेच वळतात, आणि तिचा हौसासारखा चपटा, सर्दीने भरलेला चेहरा उन्हात आला. गोदूबाईने कमरेचा चष्मा ओढून काढला, उलटा लावला, सुलटा लावला. मग ती मटकन खाली बसली.

विंगेत राहीच्या कानात एकच शब्द घुमत होता.

सावू.

लग्नाच्या पहिल्या वर्षी गणपतीपुळ्याच्या वाळूत बसून तिने आत्मारामला सांगितलं होतं: मुलगी झाली तर सावित्री. तिच्या आईचं नाव. राही चार वर्षांची असताना वारलेली आई, जिचा चेहराही तिला नीट आठवत नव्हता. नाव तेवढं राहिलं होतं. हाक मारायची सावू. हे नाव तिने दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. देवालासुद्धा मनातल्या मनात. त्या नावासाठी ती नऊ वर्षं अनवाणी चालली, आणि ते नाव त्याने उचलून त्या घरात नेलं, सहज, आवडलं म्हणून. आणि म्हातारीला ठाऊक होतं. डोळ्यांचं ऑपरेशन, तो महिना, ती शिवणयंत्राची खोली. नात मांडीवर खेळवून आली होती ती. माशाची बरी तुकडी त्याचीच होती. दया नव्हती ती, तोंड बंद ठेवण्याचं मोल होतं, आणि राहीने चार वर्षं ते जिभेवर घोळवून खाल्लं होतं.

"मावशी, हे काय मध्येच?" सदू मास्तर भांबावून म्हणाले. बिचाऱ्यांना अजून नाटकच दिसत होतं. "हे वहीत कुठे आहे?"

"आहे," राही म्हणाली. "कंसात आहे."

ती उठली. गोणपाट बाजूला सारून ती विंगेतून बाहेर आली, उजेडात, रंगमंचाच्या मध्ये. गावातली बाई त्या फळ्यांवर लोकांसमोर पहिल्यांदाच उभी राहत होती. वही तिच्या हातात होती. तिने पहिलं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. वाक्यं सोडून फक्त कंस. पाच वर्षांची मुलगी पाठमोरी. डाव्या हाताने. मुलगी बाबांच्या पाठीवर चढते. मुलगी बाबांच्या ताटातला पापड मोडून घेते. कुसुम झोपलेल्या मुलीवर पांघरूण घालते, वसंत दिवा बारीक करतो. जे कधी वाचायचं नसतं ते तिने एकेक करून, नक्कल उतरवताना लिहायची तसं स्वच्छ वाचलं. कुणी थांबवलं नाही. मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. काशीराम, ज्याला सगळं गाव कंस वाचला म्हणून हसत आलं होतं, मान खाली घालून बसला होता.

"राही," आत्माराम म्हणाला. "ऐक. मी सांगनारच होतो. ह्या वेळी सांगून मगच..."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. कानावरची पेन्सिल काढली, पात्रांची यादी उघडली, आणि त्या खोडून विरलेल्या ओळीखाली, सहाव्या नंबरला, आपल्या सरळ अक्षरात लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

"सहा. सावित्री. वय वर्षं पाच." मग ती जरा थांबली. नवऱ्याचं नाव तिने आजवर उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. गावात कुठलीच बाई घेत नाही. "आत्मारामाची मुलगी."

वही तिने त्याच्या हातात दिली. त्याने ती डाव्या हाताने घेतली.

चारची चिपळूणकडे जाणारी गाडी फाट्यावर दहा मिनिटं थांबते. तिथून पुढे अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत, राहीचा भाऊ रघू नोकरीला होता. घरी जाऊन तिने पायांत वहाणा घातल्या, चुलीतली लाकडं ओढून विझवली आणि झाकण उचलून ट्रंकेच्या तळातलं झबलं काढून जनीच्या आईकडे दिलं. बाकी तिला काही आवरायचं नव्हतं. ट्रंक पंधरा दिवसांपासून भरलेलीच होती.